ऐनवेळचे विषय

ज्या विभागाने चार वर्षं आपलं काहीएक ऐकून घेतलं नाही, तोच विभाग पंचवीस वर्षांनी पत्र पाठवतो की, या, आम्हाला चार गोष्टी सांगा. पत्रात आपला उल्लेख ‘आमचे यशस्वी माजी विद्यार्थी’ असा असतो. जर्नलवर सही मिळावी म्हणून ज्या दाराशी आपण ताटकळत उभे राहायचो, त्याच दारातून आता पाहुणे म्हणून आत शिरायचं असतं. शिपाई खुर्ची पुसून म्हणतो, "बसा साहेब, मॅडम लेक्चरवर आहेत, येतीलच." माणूस विरघळतो. पेट्रोलचे पैसे मिळणार की नाही, हेसुद्धा विचारत नाही.

आमच्या कॉलेजच्या इलेक्ट्रिकल विभागाच्या सल्लागार मंडळावर मी असाच विरघळून गेलेलो आहे.

विभागाला आमची ही एवढी माया अचानक कुठून आली, असं सुरुवातीला वाटायचं. मग कळलं की माया नियमातून आली आहे. कॉलेज स्वायत्त असलं की विद्यापीठ अनुदान आयोगाच्या नियमांप्रमाणे अभ्यास मंडळावर उद्योगातला एक माणूस लागतो आणि एक गुणवंत माजी विद्यार्थी लागतो. शिवाय २०१४ साली भारत वॉशिंग्टन कराराचा पूर्ण सदस्य झाला, म्हणजे आपल्याकडच्या मानांकित अभ्यासक्रमांची पदवी अमेरिका, ब्रिटनसारख्या देशांतल्या पदवीच्या तोडीची मानली जाऊ लागली. तेव्हापासून मानांकनाच्या फायलींना वेगळंच तेज चढलं. विद्यार्थ्याला काय शिकवलं एवढं सांगून आता भागत नाही. तो बाहेर पडल्यावर काही वर्षांनी कुठे पोचला, तेही कागदावर दाखवावं लागतं. थोडक्यात, त्या फायलीत मी पुरावा आहे. मानांकनाची समिती आली की मला जेवायला बोलावतात आणि मी खरोखर अस्तित्वात आहे याची खातरजमा करून घेतात.

बैठकीच्या खोलीत विश्वेश्वरय्यांचा फोटो आहे. तो कुठल्या इंजिनिअरिंग कॉलेजात नसतो? पण आपल्याकडे तो लावायला जास्तीचं कारण आहे. मोक्षगुंडम विश्वेश्वरय्या हे पुण्याच्याच सायन्स कॉलेजातून, म्हणजे आजच्या सीओईपीतून, १८८३ साली बाहेर पडले. मुंबई इलाख्यातल्या तंत्रशिक्षणाचं काय करावं, हे ठरवण्यासाठी १९२१-२२ मध्ये सरकारने समिती नेमली, तिचे अध्यक्षही तेच होते. म्हणजे माजी विद्यार्थ्याने तंत्रशिक्षणाला सल्ला देण्याची आपली परंपरा शंभर वर्षांची आहे. त्या समितीचं एकमत काही झालं नाही. बहुमतवाल्यांचा अहवाल वेगळा निघाला, अल्पमतवाल्यांचा वेगळा. फोटोखाली बसून आमची वादावादी सुरू झाली की मला हे आठवतं आणि बरं वाटतं. त्यांना जे जमलं नाही ते आम्हाला चहा आणि बटाटेवड्यावर कुठून जमणार?

मंडळात आम्ही सगळे इलेक्ट्रिकलचेच. त्यातले बहुतेक पदवी हातात पडल्यापासून इलेक्ट्रिकलच्या वाटेला गेलेले नाहीत. याला आमचा नाइलाज होता. कॅम्पसला सॉफ्टवेअर कंपन्या यायच्या आणि नोटीस बोर्डावर ‘एनी ब्रँच’ असं लिहिलेलं असायचं. त्या दोन शब्दांनी महाराष्ट्रातले किती ट्रान्सफॉर्मर पोरके केले असतील! आणि यात कमीपणा तरी कसला? नंदन नीलेकणी हे १९७३ साली आयआयटी मुंबईत इलेक्ट्रिकललाच दाखल झाले होते. पुढे इन्फोसिस झाली, आधार झालं. आमच्यातल्या एका सॉफ्टवेअरवाल्याकडे हे उदाहरण कायम तयार असतं. मॅडमकडेही ते तयार असतं, पण त्यांच्या उदाहरणाला शेपूट आहे: त्याच नीलेकणींनी २०२३ मध्ये आपल्या संस्थेला ३१५ कोटी रुपये दिले. हे शेपूट बाहेर आलं की सॉफ्टवेअरवाला चष्मा पुसायला घेतो. आमच्या विभागाला माजी विद्यार्थ्यांकडून आजवर मिळालेली सगळ्यात मोठी देणगी म्हणजे वॉटर कूलर. त्यावर बॅचचं नाव एवढ्या ठसठशीत अक्षरांत कोरलंय की थंड पाण्याचा नळ कुठला, हे लिहायला जागा उरलेली नाही.

मॅडम म्हणजे विभागप्रमुख. त्या आम्हा बहुतेकांच्या ज्युनियर. कॉलेजात असताना आम्ही त्यांना असाइनमेंट द्यायचो, असा आमचा दावा आहे; आम्ही त्यांच्याकडून घ्यायचो, असा त्यांचा आहे. बैठकीत मात्र त्या ‘सर’ आणि आम्ही ‘मॅडम’.

तर सल्ल्याला सुरुवात होते. न्यू जर्सीहून एकजण पडद्यावर प्रकट होतो. तिकडे त्याची रात्र असते, त्यामुळे आवाज हळू आणि मतं ठाम. त्याच्या मते पहिल्या वर्षापासून मशीन लर्निंग हवं. पुण्यातल्या वाहन कंपनीतली बाई म्हणते, पॉवर इलेक्ट्रॉनिक्स आणि बॅटरी मॅनेजमेंट हवं. एमआयडीसीत कंट्रोल पॅनेल बनवणारा आमचा मित्र म्हणतो, बाकी राहू दे, पोरांना पीएलसी शिकवा आणि मुख्य म्हणजे कोटेशन कसं लिहायचं ते शिकवा. परदेशात पीएचडी केलेला म्हणतो, गणित वाढवा. ज्याला इंग्रजी बोलायला कचरल्यामुळे पहिल्या चार मुलाखतींत हात हलवत परत यावं लागलं होतं, तो संभाषण कौशल्यावर बोलतो आणि बोलतच राहतो.

एक गोष्ट माझ्या लक्षात आली आहे. सल्ला विभागाला उद्देशून असला, तरी पत्ता जुनाच असतो. प्रत्येकजण आपल्याच विशीतल्या पोराशी बोलत असतो. ज्याला जे मिळालं नाही, ते त्याला आता सगळ्यांना हवंय. दुसऱ्याच्या मुलांच्या भवितव्याविषयी इतक्या पोटतिडकीने बोलणारी माणसं खरं म्हणजे स्वतःच्या भूतकाळाची दुरुस्ती काढून बसलेली असतात. यात वाईट काही नाही. फक्त ती दुरुस्ती सहा जणांची असते आणि अभ्यासक्रम एकच.

मॅडम सगळं लिहून घेतात. त्यांचा चेहरा तेव्हा फार नम्र असतो. सगळ्यांचं बोलून झालं की त्या पेन खाली ठेवतात आणि विचारतात, "छान. मग काढायचं काय?"

इथे शांतता पसरते. चार वर्षांच्या पदवीत श्रेयांकांना मर्यादा आहे. एआयसीटीईने २०१८ साली आदर्श अभ्यासक्रम आणला, त्यात ती १६० आहे. पूर्वी याहून बरेच जास्त असायचे. म्हणजे तीन श्रेयांकांचा नवा विषय आत घ्यायचा तर कुणाला तरी उठवावं लागतं. घाला म्हणणारे सहा असतात, काढा म्हणायला मात्र कुणाची जीभ रेटत नाही. कोणता विषय काढणार? जो काढायचा म्हणावा, तो शिकवणारे सर बाहेर कॉरिडॉरमध्ये उभे असतात. बऱ्याचदा त्यांनीच आपल्याला पास केलेलं असतं.

अशा वेळी बळीचा बकरा ठरलेला आहे: डीसी मशीन.

"अहो, डीसी मशीन कोण वापरतं आता?" न्यू जर्सी पडद्यावरून म्हणते. सगळ्यांनाच हायसं वाटतं. खरंच, कोण वापरतं? मुंबईची लोकल पहिल्यांदा विजेवर धावली ती ३ फेब्रुवारी १९२५ रोजी, बोरीबंदर ते कुर्ला, १५०० व्होल्ट डीसीवर. पण २०१६ पर्यंत तिचाही शेवटचा पट्टा २५ हजार व्होल्ट एसीवर गेला. लोकलनेच सोडून दिलं, मग आपण का कवटाळून बसायचं? वॉर्ड-लिओनार्ड पद्धत तर १८९१ सालची. मोटारीचा वेग बदलण्यासाठी आणखी दोन यंत्रं फिरवत ठेवायची, असा तो राजेशाही कारभार. आज तेच काम बुटाच्या खोक्याएवढा ड्राइव्ह भिंतीला टांगून घेऊन करतो. काढून टाका.

यावर पॅनेलवाला मित्र एकदा सहज बोलून गेला, "डीसी कुठे गेलंय? सोलर पॅनेलमधून काय येतं? बॅटरीत काय असतं? तुझ्या लॅपटॉपला काय लागतं?" आणि मग डीसीची अशी काही वकिली झाली की थॉमस एडिसन फोटोतून उतरून आले असते, पण आमच्याकडे फोटो फक्त विश्वेश्वरय्यांचा. चंद्रपूरहून पडघ्याला ७५२ किलोमीटर वीज येते ती ५०० किलोव्होल्टच्या डीसी वाहिनीवरूनच, १९९९ पासून. आपल्या राज्याच्या एका टोकाचा कोळसा दुसऱ्या टोकाला दिवे लावतो, तो डीसीच्या खांद्यावर बसून. वाहन कंपनीतल्या बाईंनी फास्ट चार्जरची भर घातली. वादाचा निकाल लागण्याची चिन्हं दिसेनात. डीसी वीज परत आली म्हणून डीसी मोटर परत येत नाही, हा साधा मुद्दा कुणीच मांडला नाही. मीही नाही. वाद रंगात आला होता आणि वडे गरम होते.

मग मॅडमनी शांतपणे विचारलं, "डीसी सीरीज मोटर नो-लोडला का चालवू नये?"

सहाच्या सहा जणांनी एका सुरात उत्तर दिलं. न्यू जर्सीचा आवाज दोन सेकंद उशिरा पोचला एवढंच. इलेक्ट्रिकलच्या माणसाला रात्री दोनला उठवून हा प्रश्न विचारा, तो उत्तर देऊन पुन्हा झोपेल. लोड नाही, करंट कमी, फ्लक्स कमी, वेग सुसाट, मशीन पायातून उखडेल. तोंडी परीक्षेतला हा पहिला प्रश्न आणि नापास व्हायचं नसेल तर शेवटचाही. थ्री पॉइंट स्टार्टरचं हँडल हळूहळू सरकवताना छातीत होणारी धडधड, ते मध्येच सुटून खाडकन मागे आलं की लॅब असिस्टंटने काढलेले उद्गार (ते इथे छापता येणार नाहीत), हे सगळं लगेच निघालं. ज्यांनी सकाळी डीसी मशीन काढायला सांगितलं, तेच संध्याकाळी प्रयोगशाळेत त्याच्यासोबत फोटो काढत होते. इतिवृत्तात मॅडमनी लिहिलं, ‘डीसी मशीनबाबत सविस्तर चर्चा झाली. नोंद घेण्यात आली.’ मराठी कारभारात ‘नोंद घेण्यात आली’ याहून सुरक्षित जागा दुसरी नाही. तिथे ठेवलेली वस्तू पुन्हा कुणाला सापडत नाही.

आमच्यात एकजण मात्र सगळा वेळ गप्प असतात. ते बोर्डातले. बोर्ड म्हणजे वीज मंडळ. २००५ मध्ये त्याच्या वेगवेगळ्या कंपन्या झाल्या तरी त्यांच्या तोंडात बोर्डच आहे आणि गावाच्या तोंडातही. सगळी नोकरी उपकेंद्रं, फिडर आणि जळालेल्या डीपी यांच्यात गेली. सिंगल फेजवर कपॅसिटर टाकून थ्री फेजची मोटर चालवणारा शेतकरी त्यांनी पाहिला आहे आणि त्याला ओरडून झाल्यावर त्याच्याच ओसरीवर चहाही घेतला आहे. यशस्वी माजी विद्यार्थ्यांच्या यादीत त्यांचं नाव शेवटी असतं, कारण त्यांच्या पदात ‘ग्लोबल’ हा शब्द कुठेच येत नाही. आम्ही सगळे पोरांनी काय व्हावं यावर बोलतो. या माणसाला ती पोरं उद्या कशाला हात लावणार, याची काळजी असते. विभागाला खरा उपयोग कुणाचा होत असेल, असं कुणी मला विचारलं तर मी फार वेळ घेणार नाही.

कार्यक्रमपत्रिकेत सगळ्यात शेवटी ‘अध्यक्षांच्या परवानगीने ऐनवेळी येणारे विषय’ असतात. तोपर्यंत अर्धे लोक गाडीची किल्ली चाचपत असतात. गेल्या वेळी तेव्हा बोर्डातल्या साहेबांनी घसा खाकरला.

"मॅडम, पोरांना अर्थिंग मोजता येतं का?"

"तिसऱ्या वर्षाला थिअरीत आहे सर."

"थिअरीत नाही. आपल्या बिल्डिंगच्या मागे अर्थिंगचा खड्डा आहे ना, त्याचं. अर्थ टेस्टर लावून."

टेस्टर कपाटात होता. कपाटाची किल्ली ज्यांच्याकडे होती ते रजेवर होते. किल्ली आली. तिसऱ्या वर्षाची हाताला लागतील ती पोरं गोळा झाली आणि यशस्वी माजी विद्यार्थ्यांचं अख्खं मंडळ इमारतीच्या मागे, गवतात, बूट सांभाळत उभं राहिलं. साहेबांनी दोन सळया ठोकायला लावल्या, एक लांब, एक मधोमध. पोरांना वायरी स्वतः जोडायला सांगितल्या. एका मुलीने सळई अगदी खड्ड्याजवळच ठोकली, तेव्हा तिला ती का चालणार नाही हे न सांगता त्यांनी दोन्ही ठिकाणी रीडिंग घ्यायला लावलं. आकडे वेगळे आले. का, हे तिने आपलं आपणच शोधून काढलं आणि मग बाकीच्या पोरांना सांगितलं. यात श्रेयांक खर्च झाला नाही.

खड्ड्याचं रीडिंग पाहून मॅडमचा चेहरा उतरला. उन्हाळा होता. मीठ-कोळसा कधी भरला होता, हे कुणाला आठवत नव्हतं. माती ठणठणीत वाळली होती आणि रोध जिथे असायला हवा त्याच्या कितीतरी वर होता. इलेक्ट्रिकल विभागाची इमारत, आत शंभर वर्षांची विद्या, आणि फॉल्ट करंटला जमिनीत जायला धड वाट नाही.

"पाणी घालत जा," साहेब म्हणाले.

पुढच्या बैठकीच्या आधी कार्यपूर्ती अहवाल आला. मशीन लर्निंग: समिती नेमली. बॅटरी मॅनेजमेंट: अभ्यास मंडळापुढे ठेवणार. संभाषण कौशल्य: तज्ज्ञ व्याख्यात्याशी पत्रव्यवहार चालू. डीसी मशीन: नोंद घेण्यात आली. ऐनवेळचे विषय, क्रमांक एक, अर्थिंगच्या खड्ड्यात पाणी घालणे: दर सोमवारी दोन बादल्या घातल्या जातात, तिसऱ्या वर्षाचे विद्यार्थी रीडिंग घेतात, वही शिपायाकडे आहे. सोबत फोटो जोडला होता. त्यात खड्डा आणि बादली होती. मानांकनाच्या फायलीत तो ‘माजी विद्यार्थ्यांचे योगदान’ या शीर्षकाखाली, वॉटर कूलरच्या फोटोच्या शेजारी लागलाय.