पाव आटा

हाती आलेल्या कागदातील एखादा स्वल्पविराम तरी हलविल्यावाचून त्यावर सही करणे ज्यांना आपल्या पदाचा अवमान वाटतो, असे गृहस्थ सरकारी दफ्तरांतून आणि कारखान्यांच्या कचेऱ्यांतून पिढ्यानपिढ्या नांदत आले आहेत. परंतु निवृत्तीनंतर त्यांचे काय होते, याची चौकशी कोणी फारशी केलेली दिसत नाही. दिघ्यात राहणाऱ्या मनुष्यास ती करावी लागत नाही. रविवारी सकाळी दूधवाला जाऊन वर्तमानपत्रवाला येण्याच्या मधल्या अवकाशात एखाद्या जुन्या पेट्रोल मोटारीच्या इंजिनाचा स्वर प्रथम चढतो, मग उतरतो, मग क्षणभर डळमळून पुन्हा चढतो, तेव्हा खुशाल समजावे की असा एक गृहस्थ हाती स्क्रूड्रायव्हर घेऊन कामावर रुजू झाला आहे.

नवी मुंबईच्या उत्तर टोकाला, पारसिकचा डोंगर आणि ठाण्याची खाडी यांच्या दरम्यान हा दिघा वसलेला आहे. १९६२ साली स्थापन झालेल्या महाराष्ट्र औद्योगिक विकास महामंडळाने ठाणे-बेलापूर पट्ट्यात कारखाने वसविले, तेव्हापासून फिटर, टर्नर, स्टोअरकीपर आणि हेडक्लार्क यांची या भागात रेलचेल; त्यामुळे यंत्राची भीती येथे कोणालाच नाही, आणि यंत्राविषयी मत मात्र प्रत्येकाला आहे. आमच्या गल्लीतील नमुना एका कारखान्याच्या लेखा विभागातून निवृत्त झालेला. प्रत्यक्ष यंत्रावर हे गृहस्थ एक दिवसही उभे राहिले नाहीत. परंतु ज्या भिंतीला टेकून त्यांची खुर्ची होती, त्या भिंतीपलीकडे लेथ चालत असे, आणि एवढ्या सान्निध्याच्या बळावर यांत्रिक ज्ञानावरील आपली वहिवाट त्यांनी कायम करून घेतली आहे.

त्यांची मोटार २००४ सालची मारुती ८००. तिचे बॉनेट ते अशा अदबीने उघडतात, की आत एखादे गोपनीय प्रकरण असावे. नंतर डोळे मिटून, मान किंचित डावीकडे कलती करून ते ऐकू लागतात. मोटार जागच्या जागी उभी असता इंजिनाने मिनिटाला साधारण ८००-९०० फेरे घ्यावेत. पण फेरे दाखविणारा काटा या मोटारीत नसल्यामुळे सारा न्यायनिवाडा कानावर चालतो, आणि कानाचा निकाल अपुरा वाटल्यास रुपयाच्या नाण्यावर. एअर फिल्टरच्या झाकणावर ते नाणे उभे करावयाचे, आणि ते उभे राहिले तर ‘आयडलिंग बसले’ असे समजावयाचे, ही त्यांची कसोटी. नाणे पडते. बॅटरीखाली गेलेले नाणे काढून खिशात टाकीत ते स्वतःशीच म्हणतात, “पाव आटा.” जगातील कोणताही बिघाड पाव आट्याहून मोठा असतो, हे त्यांना मान्य नाही. अर्धा आटा फिरविणारास ते अडाणी समजतात, आणि काहीच न फिरविणारास बेजबाबदार.

त्यांच्यावर अन्याय होऊ नये म्हणून सांगितले पाहिजे, की ही विद्या एके काळी खरी होती. कुर्ल्याच्या प्रीमियर कारखान्यातून निघणारी फियाट, जी पुढे पद्मिनी या नावाने सर्वतोमुखी झाली, ती त्यांच्या मेहुण्याकडे होती, आणि कार्बोरेटर या अवयवाशी त्यांचा परिचय तेथे झाला. त्या कार्बोरेटरला दोन स्क्रू असत. एक थ्रॉटलची चकती कितपत मिटावी हे ठरविणारा, दुसरा हवा आणि पेट्रोल यांच्या मिश्रणाचा. मिश्रणाचा स्क्रू हलक्या हाताने पुरता आत बसवावा, मग दीड-दोन आटे बाहेर घ्यावा, इंजिन तापू द्यावे, ज्या ठिकाणी त्याचा स्वर सर्वांत भरदार लागेल तेथे थांबावे, आणि चढलेला वेग पहिल्या स्क्रूने पुन्हा खाली आणावा. यात कान होता, हात होता, आणि संयमही होता. पावसाळ्यात एक जुळणी, थंडीत दुसरी. चांगला मिस्त्री हे काम एक विडी संपावयाच्या आत उरकीत असे. आमचे गृहस्थ त्याला दुपारचे जेवण होईपर्यंत लावीत, पण बहुधा बिघडवीत नसत.

पुढे धुरावर सरकारी निर्बंध आले, आणि नव्या शतकाच्या आरंभी मारुतीच्या बॉनेटखालून कार्बोरेटर बरतर्फ झाला. त्याच्या जागी पेट्रोलचे फवारे आले, आणि त्यांच्यावर देखरेख करणारी एक संगणकाची पेटी आली. ही पेटी आमच्या गृहस्थांच्याच जातीची निघाली, हे त्यांचे दुर्दैव. इंजिन किती तापले, हवा किती आली, चकती किती उघडी आहे, याची प्रतिवृत्ते तिच्याकडे अखंड येत असतात. ती वाचून चकतीला वळसा घालून जाणाऱ्या एका लहानशा वाटेवरील झडप ती कणाकणाने उघडते वा मिटते, आणि इंजिनाचा संथ वेग जेथल्या तेथे राखते. या झडपेला स्क्रू नाही. फिरविण्याजोगा एकच स्क्रू शिल्लक उरला आहे, तो चकतीच्या अडसराचा. आणि त्याला हात लावू नये म्हणूनच कारखान्यात त्यावर रंगाचा ठिपका देऊन ठेवतात. आमच्या गृहस्थांनी तो ठिपका पहिल्याच महिन्यात खरवडून काढला.

त्यानंतरचा अनर्थ अगदी कायदेशीर मार्गाने ओढवतो. वर्षानुवर्षांच्या वापराने चकतीच्या कडेला काजळी धरते, हवेची वाट अरुंद होते, आणि सिग्नलला मोटार बंद पडू लागते. उपाय एवढाच, की बोळा आणि क्लीनर घेऊन ती काजळी पुसावी, आणि जाता जाता रबराच्या नळ्यांतून कोठे चोरटी हवा शिरते काय ते पाहावे. परंतु पुसण्यात अधिकार कोठे आहे? गृहस्थ पाव आटा देतात. चकती किंचित उघडते, तिच्या बाजूला बसविलेला संवेदक पेटीस कळवितो की चालकाने पाय दाबला आहे, आणि या खोट्या साक्षीवर विश्वास ठेवून पेटी आयडलिंगचे प्रकरण दफ्तरी दाखल करून टाकते. वेग चढतो. तो उतरविण्यासाठी गृहस्थ पाव आटा परत घेतात, पेटी पुन्हा जागी होऊन झडपेकडे धावते, आणि इंजिन उठबशा काढू लागते. दोन हेडक्लार्कांनी एकाच मसुद्यावर आळीपाळीने शेरे मारावेत, असा तो प्रकार. आणि दोघांपैकी निवृत्त झालेला हा एकच असल्यामुळे वेळ भरपूर त्याच्याच पाशी.

वास्तविक त्या नाण्याला उभे राहण्याचा योगच नाही. मारुती ८०० च्या इंजिनाला सिलिंडर तीन. एक टोक वर उचलले जाताना दुसरे खाली दबते, असा एक झोका त्या रचनेतच जन्मतः असतो, आणि संथ वेगात तो स्टिअरिंगवर ठेवलेल्या हाताला जाणवतोच. गृहस्थ जो कंप पाव आट्याने घालवू पाहतात, तो आराखडा काढणाराने विचारपूर्वक पत्करलेला आहे. ही गोष्ट ठाणे-बेलापूर रस्त्यावरील एका तरुण मिस्त्रीने त्यांना एकदा समजावून सांगितली.

“काका, ही अशीच हलणार. हा स्क्रू फिरवायचाच नसतो.”

“मग तो दिलाय कशाला?”

मिस्त्री निरुत्तर झाला. हा प्रश्न ज्याच्यापुढे टाकावा तो निरुत्तर होतो, आणि याच एका प्रश्नाच्या आधारावर गृहस्थांचा व्यवहार आजवर अबाधित चालला आहे.

मोटार कोठे जाते, हे विचारणे मात्र अप्रस्तुत होय. पूर्वी तिला थोडीफार नोकरी होती. दिघ्याला स्टेशन नव्हते, आणि ठाणे-वाशी मार्गावरील गाड्या येथून न थांबता निघून जात, तेव्हा सुनेला सकाळी ऐरोलीच्या स्टेशनावर पोहोचविणे हे तिचे काम असे. १२ जानेवारी २०२४ रोजी दिघा गाव स्टेशनाचे उद्घाटन झाले, सून पायी जाऊ लागली, आणि गृहस्थांच्या चेहऱ्यावर, दुःखाऐवजी, कामात व्यत्यय आणणारा एक कारकून बदलून गेल्याचे समाधान दिसले. कारण चालणाऱ्या मोटारीविषयी त्यांना फारशी आस्था नाही. मोटार उभी असावी आणि चांगली चालत असावी, ही त्यांची धारणा. काकू याविषयी एवढेच म्हणतात, की पेट्रोलच्या पैशांत पंढरपूरच्या चार वाऱ्या झाल्या असत्या, त्याही एसटीने.

दर सहा महिन्यांनी येणारे धुराचे प्रमाणपत्र हा गृहस्थांचा सण. भारत स्टेज दोनच्या पेट्रोल मोटारींनी उभ्या अवस्थेत कार्बन मोनॉक्साइड अर्ध्या टक्क्याच्या आत ठेवावा, असा दंडक आहे. त्याआधीच्या मोटारींना तीन टक्क्यांची मुभा. प्रमाणपत्रावरील आकडा दुसऱ्या दशांश स्थळापर्यंत वाचून दाखविताना त्यांचा कंठ दाटून येतो. परीक्षा उभ्या अवस्थेतच घेतली जाते, यात त्यांना राज्यकर्त्यांची गुणग्राहकता दिसते.

अशा मनुष्याने, स्टेशन झाले त्याच वर्षी, मोटारीची पुनर्नोंदणी करावयास जावे, हा प्रसंग अर्थातच मोठा होता. पंधरा वर्षांवरील मोटारीच्या नूतनीकरणाचे शुल्क २०२२ च्या एप्रिलपासून ६०० चे ५,००० रुपये झालेले. एवढी रक्कम भरल्यावर तपासणी कसून होणार, या अपेक्षेने त्यांनी आदल्या संध्याकाळी वेग आणखी पाव आटा उतरवून ठेवला, म्हणजे साहेबांसमोर इंजिनाने अदबीने बोलावे. रांगेत त्यांचा क्रमांक आला. निरीक्षकाने चासीचा क्रमांक ताडून पाहिला, दिवे लावावयास सांगितले, भोंगा वाजवून घेतला, आणि कागदावर खूण करून तो पुढच्या मोटारीकडे वळला.

“साहेब, निदान आयडलिंग तरी ऐका,” गृहस्थ खिडकीतून बाहेर वाकून म्हणाले.

“काका, गाडी पुढे घ्या.”

गृहस्थांनी पहिला गिअर टाकला, क्लच सोडला, आणि मोटार जागच्या जागी बंद पडली. मागे चौदा वाहने होती. सर्वांनी एकदम भोंगे वाजविले, तेव्हा गृहस्थ खाली उतरले, त्यांनी खिशातून स्क्रूड्रायव्हर काढला आणि बॉनेट उघडले.