पाच तोळे, लाखेसह

चोर सापडला, आईची बोरमाळ एका सराफाकडून जप्त झाली, आणि आरोपीच्या वकिलांनी 'या वस्तूशी आमचा काडीचाही संबंध नाही, सबब परत देण्यास हरकत नाही' असं अर्जावर लिहूनही दिलं. माळ माझी आहे की नाही, अशी शंका काढायला अख्ख्या तालुक्यात फक्त माझीच फिर्याद उरली.

फिर्याद देताना शेजारी मेव्हणा बसला होता. सासरी मी लग्नापासून सांगत आलोय की आमची बोरमाळ पाच तोळ्यांची. हवालदारांनी वजन विचारलं तेव्हा त्याच्यादेखत आकडा कसा उतरवणार? तोच लिहिला गेला. जप्तीच्या पंचनाम्यात मात्र काट्याने स्वच्छ सांगितलं: एकूण वजन 24 ग्रॅम, लाखेसह. बोरमाळेच्या मण्यांना वर सोन्याचा पातळ पत्रा आणि आत लाख असते, हे घरातल्या सगळ्या बायकांना ठाऊक होतं. मला कुणी सांगितलं नाही, कारण बोलताना मी मध्ये जागाच सोडत नाही.

आमच्या वकीलबाईंनी दोन्ही कागद शेजारी ठेवले. "काका, गेली पाच तोळ्यांची, मिळाली अडीच तोळ्यांच्याही आतली. ही तुमचीच कशावरून?"

पावती नाही, सोनार गावचा, आजोबांच्या ओळखीचा. लग्नाचा अल्बम काढला, तर प्रत्येक फोटोत आईच्या गळ्यासमोर माझा फेटा. 'नवरदेव मधोमध घ्या' असं फोटोग्राफरला बजावणारा मीच. शेवटी पुतण्याच्या बारशाच्या फोटोत पाळण्यावर वाकलेली आई सापडली. माळ लोंबत होती आणि त्यातला एक चेपलेला मणी ठळक दिसत होता. त्या मण्याने माझी अब्रू वाचवली, म्हणजे जेवढी शिल्लक होती तेवढी.

अर्ज नव्या नागरिक सुरक्षा संहितेच्या कलम 503 खाली केला. जुन्या कायद्यात हेच 457. वकीलबाईंनी सोबत सुंदरभाई अंबालाल देसाई विरुद्ध गुजरात राज्य हा 2002 चा सर्वोच्च न्यायालयाचा निकाल जोडला. दागिन्यांचा तपशीलवार पंचनामा करा, फोटो काढा, बंधपत्र घ्या आणि माल मालकाला देऊन टाका, उगाच ठाण्यात कुजवू नका, असं त्यात म्हटलंय. गंमत म्हणजे त्या प्रकरणातले आरोपी पोलीसच होते. मुद्देमालातल्या वस्तू बदलल्याचा आरोप त्यांच्यावर होता. हे वाचल्यावर मी मुद्देमाल कारकुनाकडे जरा रोखून पाहिलं. त्यांनी माझ्या फिर्यादीकडे पाहिलं. मी नजर खाली घेतली.

सरकारी वकिलांचा 'से' आला: ओळख पटवून, योग्य अटींवर देण्यास हरकत नाही. न्यायाधीशांनी फोटो पाहिला, चेपलेला मणी पाहिला, मग माझ्याकडे पाहून विचारलं, "पाच तोळे कोणी सांगितलं?" मी म्हटलं, "अंदाजे, साहेब." मागच्या बाकावर कोणीतरी खोकलं. तो मेव्हणाच होता.

तो तिथे असायचं कारण म्हणजे जामीनदार हवा होता आणि ओळखीत सातबारा फक्त त्याच्याकडे. बंधपत्रावर सही करण्याआधी त्याने वजन आणि किंमत बोट ठेवून वाचली.

"दाजी," तो म्हणाला, "जामीन स्वस्तात पडला की!"

माळ घरी आली ती डबीत, सुट्या मण्यांच्या रूपात. हिसकताना दोरा तुटला होता. बायकोने पटव्याकडे द्यायला काढली तर मी बंधपत्र पुढे केलं: विकणार नाही, गहाण ठेवणार नाही, स्वरूप बदलणार नाही, कोर्ट मागेल तेव्हा हजर करीन. ओवली तर स्वरूप बदललं का? वकीलबाई म्हणाल्या, परवानगीचा अर्ज टाकू. बायको म्हणाली, "आधी ह्यांच्या तोंडाचं काहीतरी करा, अर्ज नंतर."

मग मेव्हण्याच्या मुलीचं लग्न आलं. बायकोचा गळा मोकळा पाहून एका मावशींनी विचारलं, "अगं, बोरमाळ कुठाय? केवढ्याची होती गं ती?"

मी तोंड उघडणार एवढ्यात मेव्हण्याने मोबाइल काढला. त्यात पंचनाम्याचा फोटो होता.