दोन-सहाचं माप

सहलीला निघताना बायकोनं एकच गोष्ट सांगितली होती. "लाखेच्या बांगड्या आणा. माप दोन-सहा. चिठ्ठीवर लिहून घ्या." मी इतिहासाचा मास्तर. ज्याला पानिपतच्या तिन्ही लढायांच्या तारखा पाठ आहेत, त्याला दोन-सहा लक्षात ठेवायला चिठ्ठी कशाला लागते? मी हसलो. ती हसली नाही.

श्रीनगरहून कन्याकुमारीला जाणारा महामार्ग 44 आमच्या पांढरकवड्यावरूनच जातो. त्यामुळे साउथ इंडियाचे ट्रक आम्ही रोज पाहतो. साउथ इंडिया मात्र आमच्या पोरांपैकी कुणीच पाहिलेला नव्हता. म्हणून अकरावी-बारावीची चव्वेचाळीस मुलंमुली, दोन मॅडम, भूगोलाचे सर आणि मी, असे हैदराबादला निघालो. रात्री नऊची वेळ ठरली होती, त्याप्रमाणे साडेअकराला गाडी सुटली. पैनगंगा ओलांडली तसा मागून आवाज आला, "सर, साउथ इंडिया आलं काय?"

"आलं," भूगोलाचे सर म्हणाले.

पोरानं काचेला नाक लावलं. बाहेर अंधार आणि अंधारात कापूस. "काही फरक नाही बे," त्यानं शेजाऱ्याला कळवलं आणि तो झोपला.

सकाळी हैदराबादेत नाश्त्याला उतरलो तेव्हा पाटणबोरीकडच्या एका पोराचा उदय झाला. वर्षभर वर्गात तोंड न उघडणारा हा मुलगा घरी तेलुगू बोलतो, हे आम्हाला तिथं कळलं. त्यानं फडाफडा ऑर्डर दिली आणि तो एका मिनिटात सहलीचा परराष्ट्रमंत्री झाला. इडली-सांबार आलं. वऱ्हाडात सांबार म्हणजे कोथिंबीर. एका मुलीनं वाटीत चमचा दोनदा फिरवला आणि तक्रार केली, "सर, यांच्या सांबारात सांबारच नाही."

पहिला मुक्काम गोवळकोंडा. आमच्या भूगोलाच्या सरांची शिस्त टाळीवर चालते. तीन टाळ्या वाजल्या की पोरांनी असतील तिथून येऊन रांगेत उभं राहायचं. ही पद्धत गोवळकोंडा सोडून जगात कुठेही चालली असती. तिथल्या फतेह दरवाजाच्या घुमटाखाली टाळी वाजवली की ती सुमारे एक किलोमीटर दूर, वर बालाहिसारला ऐकू जाते. शत्रू आल्याची वर्दी देण्यासाठी केलेली ही सोय आता पर्यटकांच्या हाती आली आहे. प्रत्येक गाइड टाळी वाजवतो, मागोमाग प्रत्येक कुटुंब वाजवतं. सर घामाघूम होऊन टाळ्या पिटत होते आणि आमची पोरं वर बसून कौतुकानं म्हणत होती, "काय आवाज येऊन रायला बाप्पा!" 1687 साली औरंगजेबाला हा किल्ला घ्यायला आठ महिने लागले. आम्हाला पोरं गोळा करायला दोनच तास लागले, हे तसं कमीच म्हणायचं.

त्या दोन तासांनी पुढे घात केला. सालारजंग म्युझियममध्ये एक मोठं घड्याळ आहे. दर तासाला त्यातून दाढीवाला छोटा माणूस बाहेर येतो आणि जितके वाजले तितके ठोके देतो. बाराचे बारा ठोके पाहायचे, असा आमचा बेत होता. आम्ही पोचलो बारा वाजून पाच मिनिटांनी. पोरं हलेनात. पंचावन्न मिनिटं चव्वेचाळीस माना वर करून थांबली. एक वाजला. दाढीवाला आला, एक ठोका दिला आणि आत गेला.

"बस?" मागच्या रांगेतून कुणीतरी विचारलं.

घड्याळाला वाईट वाटू नये म्हणून मी पोरांना 'व्हेल्ड रेबेका'कडे वळवलं. बेन्झोनी नावाच्या इटालियन शिल्पकाराचं हे काम. रेबेकाच्या चेहऱ्यावर ओढणी आहे, ओढणीतून चेहरा दिसतो, आणि दोन्ही एकाच संगमरवरातले! पोरं पहिल्यांदाच गप्प झाली. संधी साधून मी इतिहास सुरू केला.

1853 साली निझामानं फौजेच्या खर्चाच्या कर्जापोटी वऱ्हाड इंग्रजांच्या हवाली केलं. आपला यवतमाळ जिल्हा त्यातच गेला. त्याच वर्षी पहिले सालारजंग हैदराबादचे दिवाण झाले आणि वऱ्हाड परत मिळवायचं, हा त्यांनी आयुष्यभर ध्यास घेतला. 1876 साली ते थेट विलायतेला गेले. वऱ्हाड काही मिळालं नाही. पण त्याच दौऱ्यात त्यांनी रोममध्ये हा पुतळा विकत घेतला.

पोरं विचारात पडली. मग एकीनं सगळ्या इतिहासाचं सार काढलं. "म्हणजे सर, ते आपल्याले आणाले गेले आन् हे घेऊन आले?"

"हौ," मी म्हणालो. पुढे 1902 साली वऱ्हाड वर्षाला 25 लाख रुपये भाड्यानं इंग्रजांकडे कायमचंच गेलं, हे सांगेपर्यंत श्रोते जेवणाच्या रांगेत पोचले होते.

दुपारी चारमिनार. 1591 सालची वास्तू. आमच्या पोरांनी तिच्याकडे पाठ करूनच ती पाहिली, कारण सेल्फीत तसंच पाहावं लागतं. टिपेश्वरचे वाघ घरामागे असताना दोघांना इथल्या प्राणिसंग्रहालयातला वाघ पाहायचा होता. त्यांना समजावण्यात आणखी अर्धा तास गेला. मग सगळे शेजारच्या लाड बाजारात घुसले.

लाखेच्या बांगड्यांचा हा बाजार. कोळशाच्या शेगडीवर लाख मऊ करायची, तिची कांडी ओढायची, कडं वळवायचं आणि गरम असतानाच एकेक खडा बसवायचा. "लाखाची बांगडी?" एक पोरगा दचकला. "लाखेची," मॅडमनी त्याचा जीव भांड्यात पाडला. ही लाख पळसावर, बोरीवर वाढणाऱ्या किड्यांची. आमच्या जिल्ह्यात पळसाला तोटा नाही. पण त्याला पानं तीनच, यापलीकडे आम्ही कधी पाहिलं नाही.

परराष्ट्रमंत्री तेलुगू घेऊन पुढे सरसावला आणि तिथंच त्याचं सरकार पडलं. दुकानदार चाचा दखनी बोलत होते. आता घासाघीस करायची कोणत्या भाषेत? एका मुलीनं सहाशेच्या बांगड्या सरळ दीडशेला मागितल्या.

"नक्को अम्मा, नक्को," चाचा म्हणाले.

"सर, हे तं मराठीत नाही म्हणून रायले!"

खरंच होतं. दखनीतला नक्को हा आपल्या नकोचाच भाऊ. मग तिनं विचारलं, "दो सौ, हौ का?" चाचांनी कपाळाला हात लावला आणि म्हणाले, "हौ." वऱ्हाडात मूल बोलायला लागतं तेच हौ म्हणत. 1853 साली मुलूख तुटला, पण त्याची हौ-नक्को कुणी वाटून घेतलेली दिसली नाही. त्यानंतर बाजार आमच्या पोरींचा होता.

माझी पाळी आली. "कित्ता माप होना साब?" चाचांनी विचारलं. डोक्यात 1591, 1687, 1853, 1876 आणि 1902 अशी गर्दी झालेली. दोन-सहाला उभं राहायलाही जागा नव्हती.

"दोन-चार," मी ठणकावून सांगितलं.

परतताना हुसेनसागरातला बुद्ध गाडीतूनच पाहिला. 1990 साली बसवायला नेताना हा पुतळा तलावात बुडाला आणि दोन वर्षांनी वर काढला; चेहऱ्यावरची शांती मात्र ढळली नाही. आमचे भूगोलाचे सर एका दिवसात तिसऱ्यांदा पोरं मोजत होते. गाडीत खरेदीचा हिशेब सुरू झाला. घड्याळासाठी पैसे आणलेल्यानं गॉगल घेतला होता आणि रात्री तो लावूनच बसला होता. आजीला मोत्याची माळ न्यायला निघालेल्यानं उस्मानिया बिस्किटांचे चार डबे घेतले. निर्मल येईपर्यंत तीन संपले. मला एकदम सालारजंग आठवले आणि त्यांच्याविषयीचा आदर वाढला.

घरी बायकोनं डबा उघडला. बांगड्या बोटांच्या पेरांपर्यंत आल्या आणि थांबल्या. ती काही बोलली नाही. उठून तिनं त्या शोकेसमध्ये ठेवल्या. येणाराजाणारा त्या पाहतो, कौतुक करतो आणि बाहेरून परततो. आमच्या घरी म्युझियम झालं ते असं, तिकीट नाही.

तुम्ही हैदराबादला जाणार असाल तर दोन गोष्टी ध्यानात ठेवा. बांगडीचं माप चिठ्ठीवर लिहून न्या. आणि शुक्रवारी जाऊ नका. सालारजंग त्या दिवशी बंद असतं.