भोक न पाडता

पद्मिनीवाले काका प्रत्येक सोसायटीत एकच असतात. दोन असते, तर कोणाची गाडी जास्त अस्सल यावरून प्रकरण सहकार निबंधकांपर्यंत गेलं असतं. तुमच्याकडचे काकाही बहुधा निवृत्त असतील, पार्किंगमध्ये खाकी कव्हराखाली त्यांची 1974 ची प्रीमियर पद्मिनी असेल आणि तिच्यासाठी जीपीएसचा एक सुटा नेव्हिगेटर ते गेली कित्येक वर्षं ‘फायनल’ करत असतील. लिफ्टमध्ये त्यांच्या तावडीत सापडलेल्या माणसाला तळमजला येईपर्यंत दोन गोष्टी नक्की कळतात. नेव्हिगेटर बारा व्होल्टवर चालला पाहिजे आणि तो बसवताना डॅशबोर्डला भोक पडता कामा नये.

या भोकाचं प्रकरण जरा गंभीर आहे. काकांनी आयुष्यात बऱ्याच गोष्टींशी जुळवून घेतलं, पण भोकाशी नाही. घरातला टीव्ही भिंतीवर न लावता टेबलावर आहे. मुलाने फोटोफ्रेमसाठी ड्रिल मागवलं, तेव्हा ते संबंध दुपार पार्किंगमध्ये जाऊन बसले. नातीचे कान टोचायला सोनार आला, तेव्हा त्यालाही त्यांनी विचारलं, ‘‘चिकटवायचं काही मिळत नाही का हल्ली?’’ काकूंनी त्यांना आत पाठवलं.

‘फोन वापरा की’ असं त्यांना सांगू नये. सांगितलंत तर पुढचा अर्धा तास गेला. काकांचे मुद्दे चिडवणारे असले तरी खोटे नसतात. बिनएसीच्या गाडीत काचेमागे उन्हात ठेवलेला फोन तापतो आणि नेमका फाट्यावर स्वतःला बंद करून घेतो. घाटात रेंज जाते. शिवाय वळण जवळ आलं की मेहुण्याचा फोन येतो, आणि पडद्यावर रस्त्याऐवजी मेहुणा दिसतो. नेव्हिगेटरच्या पोटात त्याचा स्वतःचा नकाशा असतो. त्याला टॉवर लागत नाही, आकाश लागतं. ‘‘वीस हजार दोनशे किलोमीटरवर उपग्रह फिरतायत,’’ काका लिफ्टच्या छताकडे बोट दाखवतात, ‘‘त्यांतले चार दिसले की पुरे. आणि आपल्या गाडीची काच साधी. नव्या गाड्यांच्या काचेला धातूचा थर असतो काही ठिकाणी, सिग्नल अडतो. आपल्याकडे तो प्रश्नच नाही!’’

मग इतिहास. पहिला जीपीएस उपग्रह 1978 च्या फेब्रुवारीत वर गेला, गाडी 1974 ची. म्हणजे गाडी थोरली, उपग्रह धाकटा. धाकट्याने जुळवून घ्यायचं, थोरलीने का म्हणून? मे 2000 पर्यंत अमेरिकी सरकार नागरिकांना मिळणारा सिग्नल मुद्दाम बिघडवून सोडत असे आणि जागा शंभर मीटरपर्यंत चुकत असे. ‘‘शंभर मीटर म्हणजे सदाशिव पेठेत तीन वाडे पलीकडे,’’ काका म्हणतात. ते बिघडवणं अध्यक्ष क्लिंटन यांनी थांबवलं. काका हे अशा सुरात सांगतात, की क्लिंटनना पत्र यांनीच टाकलं असावं.

दर शनिवारी काका पुण्याच्या इलेक्ट्रॉनिक्स बाजारात, तापकीर गल्लीत जातात. तिथल्या दुकानांत त्यांना सगळे ओळखतात आणि ते दिसले की मालक जेवायला जातात. काउंटरवरचा पोरगा नवा असला तर तो फसतो.

‘‘काका, हा बघा. काचेला चिकटतो, व्हॅक्यूमवर.’’

‘‘उन्हात सुटतो तो. खंबाटकीत मांडीवर पडला तर?’’

‘‘मग हा एसीच्या जाळीत अडकवायचा.’’

‘‘बाळ, एसीची जाळी असायला आधी एसी लागतो.’’

‘‘मॅग्नेट देऊ? तुमचा डॅशबोर्ड पत्र्याचा ना?’’

इथे काका गप्प होतात. पत्र्याचा डॅशबोर्ड हा त्यांचा अभिमान. लोहचुंबक बसेल हेही खरं, पण रंगाला चरा पडेल. शेवटी पोरगा वाळूने भरलेल्या बुडाचा एक स्टँड काढतो. तो नुसता ठेवायचा असतो, चिकटवायचा नाही की ठोकायचा नाही. काकांचे डोळे लकाकतात. तेवढ्यात पोरगा म्हणतो, ‘‘फक्त चार्जरसाठी सॉकेट नसेल तर एक छोटं भोक…’’

काका तिथून थेट बसस्टॉपवर जातात.

सॉकेटची अडचण मात्र खरी आहे. सुटा नेव्हिगेटर स्वतःच्या बॅटरीवर फार वेळ टिकत नाही, त्याला पाच व्होल्ट सतत लागतात. नव्या गाडीत सिगारेट लायटरच्या भोकात चार्जर खुपसला की ते मिळतात. (हे भोक कंपनीने पाडलेलं असल्यामुळे काकांना मान्य आहे. अडचण एवढीच, की त्यांच्या गाडीत ते नाही.) खरं तर भूक फार नसते त्या यंत्राची. साधारण पाच वॅट. हेडलाइटचा एक बल्ब चाळीसच्या घरात खातो. बॅटरीपासून फ्यूज लावलेली वायर काढायची, स्पीडोमीटरची केबल ज्या रबरी बुशातून आत येते तिथूनच तीही आत घ्यायची आणि टोकाला बारा व्होल्टचे पाच करणारा डबा जोडायचा. कुठलाही ऑटो इलेक्ट्रिशियन हे चहा गार होण्याआधी करून देईल. काकांना हे सुचायला तीन पावसाळे लागले, आणि सुचलं ते हॉस्पिटलात. अँजिओप्लास्टी मनगटातून करणार म्हटल्यावर ते डॉक्टरांना म्हणाले, ‘‘म्हणजे मूळच्याच पाइपातून आत जायचं! बॉडीला हात न लावता!’’ मग खाटेवरूनच त्यांनी गॅरेजला फोन लावला. काकू दाराशी उभ्या होत्या. आयसीयूत फोन नेऊ देत नाहीत, हा नियम त्यांनी त्या दिवशी फार उशिरा लागू केला.

रविवारी सकाळी असे पाच-सहा काका एका टपरीवर जमतात. बाहेरच्याला वाटतं, जुन्या गाड्यांची हौस म्हणजे सगळे सारखेच. छे. इथेही उतरंड आहे. पद्मिनीवाले सगळ्यात खाली, कारण पद्मिनी कुर्ल्यात बनली, मुंबईत टॅक्सी झाली, सगळ्यांनी पाहिली. त्यांच्या वर मॉरिस मायनरवाले. त्यांच्या जुन्या ब्रिटिश गाड्यांत बॅटरीचा प्लस गाडीच्या पत्र्याला जोडलेला असतो, मायनस नव्हे. नेहमीच्या हिशेबाने सॉकेट जोडून चार्जर खुपसला, तर नेव्हिगेटर गाडीत बसल्या बसल्या कैलासवासी होतो. सगळ्यात वर सहा व्होल्टवाले. जुनी बीटल असलेल्या गृहस्थांना नेव्हिगेटर विकणारा दुकानदार अजून जन्मायचा आहे, आणि हे दुःख ते दागिन्यासारखं मिरवतात. ‘‘तुमचं काय, बारा व्होल्ट!’’ असं ते पद्मिनीवाल्यांना म्हणतात, तेव्हा काकांचा चहा कडू होतो.

या सगळ्यात नेव्हिगेटर घ्यायचा राहिला. जग थांबलं नाही. 2009 च्या ऑक्टोबरात गूगलने फोनवर वळणं सांगणारी सेवा फुकट जाहीर केली आणि त्या दिवशी गार्मिन आणि टॉमटॉम या दोन्ही कंपन्यांचे शेअर कोसळले. पुढे तापकीर गल्लीतल्या काउंटरवरून नेव्हिगेटरचे डबे एकेक करून माळ्यावर गेले. काकांना हे आपल्या चिकाटीचं यश वाटलं, भाव उतरतायत असं ते म्हणायचे. शेवटी भाच्याने नवी गाडी घेतली आणि जुन्या गाडीतला साडेचार इंची नेव्हिगेटर काकांकडे फुकट आला. फुकट म्हटल्यावर ‘फायनल’ व्हायला एक मिनिट लागलं.

आता तो डॅशबोर्डवर वाळूच्या बुडावर बसलेला असतो आणि मुंबईला निघालं की एक्स्प्रेसवेकडे खेचत राहतो. काका जुन्या हायवेने, खंडाळ्यातून उतरणार, हे ठरलेलं. मग त्यातली बाई इंग्रजीत ‘रीकॅल्क्युलेटिंग’ म्हणते आणि काका मराठीत ‘करा’ म्हणतात. लोणावळ्यापर्यंत हा संवाद रंगतो. डावीकडे बसलेल्या काकू मात्र काच खाली करून मक्याच्या कणसांच्या गाडीवाल्याला विचारून मोकळ्या होतात. काकूंना ना प्लस लागतो ना मायनस.

एप्रिल 2019 मध्ये एक गंमत झाली. जीपीएसमध्ये आठवडे मोजायला जो आकडा आहे तो 1024 झाले की पुन्हा शून्यावर येतो. तसा तो ऑगस्ट 1999 मध्ये आला होता, आणि मग 6 एप्रिल 2019 च्या रात्री आला. ज्या जुन्या यंत्रांचं सॉफ्टवेअर कोणी बदललं नव्हतं, त्यांतल्या कित्येकांनी तारीख जवळजवळ वीस वर्षं मागे नेली. काकांच्या नेव्हिगेटरनेही नेली. जागा बरोबर दाखवत होता, तारीख ऑगस्ट 1999 ची. भाचा म्हणाला, ‘‘मामा, अपडेट शोधून देतो.’’ काका म्हणाले, ‘‘असू दे.’’

ऑगस्ट 1999 मध्ये पद्मिनी शोरूममध्ये नवी मिळत होती.

नकाशाही भाच्याच्या काळातलाच आहे. चांदणी चौकात आलं की नेव्हिगेटर अजून त्या जुन्या पुलाखालून जायला सांगतो, जो ऑक्टोबर 2022 मध्ये मध्यरात्री स्फोट करून पाडला. नव्या पुलांवर चढलेली पद्मिनी पडद्यावर डोंगरात हिंडताना दिसते. हसण्याआधी काकांना रस्ता विचारून पाहा. पाडलेल्या थिएटरच्या कोपऱ्यावर डावीकडे, मग बंद पडलेल्या पंपाच्या अलीकडे, जिथे वड होता तिथे. इतकी वर्षं काका यंत्र निवडत होते असं सगळ्यांना वाटत होतं. त्यांना मिळालं ते अगदी त्यांच्याच वळणाचं निघालं, आणि हे भाच्याला कळलं नसलं तरी काकूंना पहिल्या दिवशी कळलं होतं.

चिडायला होतं, तरी एक कबूल करायला हवं. रात्री दहाला कात्रजच्या बोगद्याजवळ कोणाचीही नवीकोरी गाडी बंद पडली, तर सोसायटीतला पहिला फोन काकांनाच जातो. ते दोर, पाने आणि थर्मास घेऊन येतात, वाटेतल्या कुठल्या फिटरचं घर गॅरेजच्या मागेच आहे ते त्यांना पाठ असतं, आणि पैसे विचारले तर रागावतात. बदल्यात व्होल्टबद्दल ऐकून घ्यावं लागतं, एवढंच.

2024 मध्ये गाडीला पन्नास वर्षं पूर्ण झाली. पन्नाशी ओलांडलेल्या, मूळ चासी, बॉडी आणि इंजिनात मोठा बदल न केलेल्या गाड्यांना केंद्राच्या 2021 च्या नियमांनुसार ‘व्हीए’ अक्षरांची खास नंबरप्लेट मिळते. भोकविरोधी धोरणाला सरकारी मान्यता मिळाली, या आनंदात काकांनी पेढे वाटले. मग पुढचं कलम वाचलं. अशी गाडी रोजच्या वापराला रस्त्यावर आणायची नाही. प्रदर्शन, रॅली, पेट्रोल आणि दुरुस्ती, अशाच कारणांसाठी बाहेर काढायची. म्हणजे नेव्हिगेटरमध्ये पत्ते साठवायचे तर पंपाचा आणि गॅरेजचा.

अर्ज त्यांनी फाडला नाही, पण भरलाही नाही. दर पाच वर्षांनी साधं पासिंग करून घेतात, पर्यावरण कर भरतात आणि कुरकुर करतात. गेल्या खेपेला तपासणीला आलेल्या साहेबांनी खिडकीतून डोकावून विचारलं, ‘‘हे काय लावलंय?’’ साहेब नवीन होते. काकांनी आधी दार उघडून त्यांना आत बसवलं, मग वीस हजार दोनशे किलोमीटरपासून सुरुवात केली. मागे सतरा रिक्षा आणि एक स्कूलबस हॉर्न वाजवत होत्या. काकू खाली उतरल्या आणि रांगेतल्या पहिल्या रिक्षावाल्याला सांगून आल्या, ‘‘तुम्ही बाजूने काढा. क्लिंटन यायचाय अजून.’’