उणे पाण्याचा हिशेब

भांडे रिकामे झाले की शून्य, एवढे गणित बाकी महाराष्ट्राला पुरते. सोलापूर जिल्ह्यात खरा कारभार शून्याच्या खाली चालतो. उजनी धरण 117 टीएमसीचे. त्यातले सुमारे 53 टीएमसी ‘उपयुक्त’, उरलेले सुमारे 64 ‘मृत’. टक्केवारी काढतात ती फक्त उपयुक्ताची. ते संपले की धरण उण्यात जाते. 2024च्या उन्हाळ्यात उजनी उणे साठ टक्क्यांच्या घरात होती. उणे पाणी पिऊन माणसे कशी जगली, असे कुणी भाबडेपणाने विचारू नये. उपयुक्त पाणी कुणाच्या उपयोगाचे, हे उसाने आधीच ठरवलेले असते. माणसांच्या वाट्याला मृत पाणी येते आणि त्यावर ती जिवंत राहतात.

तरी यात एक दिलासा आहे. दौंडहून उजनीत आवक किती, याचे आकडे पावसाळाभर क्युसेकमध्ये छापून येतात. मुळा-मुठेतून पुणे आणि पिंपरी-चिंचवडने वापरून सोडलेले पाणीही याच वाटेने येते. क्युसेकला वास नसतो. पुढे उजनीचे पाणी हिरवे पडले की हळहळायचे, पण आवक मात्र आवकच. पुणेकर शेजारधर्म पाळत नाहीत, असे कोण म्हणतो?

जमिनीखालचा हिशेब भूजल सर्वेक्षण आणि विकास यंत्रणेकडे. ही यंत्रणा 1972 ची, म्हणजे दुष्काळाची समवयस्क. तिची माणसे जानेवारी, मार्च, मे आणि ऑक्टोबरमध्ये ठरलेल्या निरीक्षण विहिरींत टेप सोडून पातळी घेतात. काम प्रामाणिक आहे. (ते आकडे वाचणारा सापडत नाही, हा त्यांचा दोष नव्हे.) अडचण एवढीच, की टेप विहिरीत सुटतो आणि गाव पाणी ओढते बोअरमधून. भूजल कायद्याच्या लेखी 60 मीटर, म्हणजे सुमारे 200 फुटांखाली गेलेली विहीर खोल ठरते आणि शेतीसाठी ती घ्यायला बंदी आहे. कायद्याला वाटते, बोअरची गाडी 200 फुटांवर थबकत असेल. लातूरकडे ती आठशे-हजार फुटांखेरीज मागे फिरत नाही. जागा दाखवायला पाणाड्या असतोच. तळहातावर नारळ उभा राहिला की पाणी आहे, आडवा पडला की नाही. त्याचा अहवाल जागेवर मिळतो आणि त्याला तीन सह्या लागत नाहीत.

पाणी लिटरात मोजल्याचा योग लातूरला एकदा आला. एप्रिल 2016 मध्ये मिरजेहून पाण्याची पहिली रेल्वे आली, दहा वाघिणी, सुमारे पाच लाख लिटर. 2011च्या जनगणनेत शहर पावणेचार लाखांच्या पुढे गेलेले. भागाकार केला तर माणशी दीड लिटरही होत नाही. पण स्वागताला हार होते, कॅमेरे होते आणि श्रेय कुणाचे यावर वादही होता. ही तिन्ही मात्र मुबलक होती.

मापाचे झाले, आता गुणाचे. पिण्याच्या पाण्याच्या भारतीय मानकात (2012) विरघळलेले क्षार लिटरला 500 मिलिग्रॅमपर्यंत असावेत, असे आहे. पुढे प्रेमळ सवलत आहे: दुसरा स्रोत नसेल तर 2000 पर्यंत चालतील. कठीणपणा 200, दुसरा स्रोत नसेल तर 600. म्हणजे ज्याच्या नळाला धरणाचे पाणी, त्याचे पोट नाजूक. ज्याला एका बोअरशिवाय काही नाही, त्याच्यात चौपट क्षार पचवण्याची ताकद आपोआप येते. कोरडवाहू माणसाच्या चिवटपणावर एवढा विश्वास दुसऱ्या कुठल्याही सरकारी कागदाने दाखवलेला नाही.

टँकरची तपासणी तर आणखी आधुनिक. त्याला जीपीएस असते. गाडी कुठे फिरली, किती खेपा झाल्या, सगळे पडद्यावर दिसते. टाकीतले पाणी कुठल्या विहिरीचे आणि कसे, ते पडद्यावर येत नाही. गावात जलसुरक्षक जंतू मारायला टीसीएल पावडर टाकतो, क्लोरीन उरले का ते पाहायला ओटी टेस्ट करतो. पाणी पिवळे झाले की क्लोरीन आहे म्हणायचे आणि वहीत लिहायचे. साथ टळावी म्हणून हे हवेच. पण या चाचणीला नायट्रेट दिसत नाही, फ्लोराइडही दिसत नाही.

नायट्रेटला मात्र मानकात सवलत नाही. 45 मिलिग्रॅम म्हणजे 45, दुसरा स्रोत असो वा नसो. शेतातला युरिया, उकिरडा आणि शोषखड्डे यांना हे कुणी कळवलेले दिसत नाही. फ्लोराइडचे काय होते, ते यवतमाळ, चंद्रपूर आणि नांदेड जिल्ह्यांतल्या काही गावांत मुलांच्या डागाळलेल्या दातांवर वाचता येते. त्यासाठी प्रयोगशाळा लागत नाही.

‘उकळून प्या’ हा सल्ला जंतूंपुरता खरा आहे. उकळल्याने नायट्रेट जात नाही, फ्लोराइडही जात नाही. पाणी आटते आणि दोन्हींचे प्रमाण उलट वाढते. म्हणून पुढच्या ग्रामसभेत टँकरच्या खेपा मोजून झाल्या की गावाच्या बोअरचा प्रयोगशाळेचा अहवाल मागा, आणि त्यातले हे दोन आकडे मोठ्याने वाचून घ्या.