भाग जातो का?

परभणी जिल्ह्याला तालुके नऊ, आणि नऊला तीननं भाग जातो. जिल्ह्याचा नकाशा बघून हे ज्याला सुचतं, तो हमखास गणिताचा निवृत्त शिक्षक. सेलू घ्या, मानवत घ्या, पालम घ्या. बसस्टँडजवळच्या हॉटेलात सकाळी साडेसातला असा एक नमुना बसलेला असतोच. पांढरा बुशशर्ट, खिशाला दोन पेनं, एक निळं नि एक लाल. निवृत्तीला दहा वर्षं झाली तरी लाल पेनातली शाई ताजी. आमच्या गावच्या नमुन्याचं खरं नाव पोस्टमनला तेवढं ठाऊक आहे. बाकी गाव त्यांना ‘भागजातोका सर’ म्हणतं.

एका आकड्याखाली दुसरा आकडा दिसला की सरांना राहवत नाही. एका विद्यार्थ्यानं लग्नाची पत्रिका दिली, तारीख ६/१२. सर म्हणाले, “एक छेद दोन. निम्मा खर्च सासऱ्याकडून घे.” अंश आणि छेद यांना एकाच संख्येनं भागलं तर किंमत तीच राहते, गर्दी तेवढी हटते, यावर त्यांची श्रद्धा आहे. आणि श्रद्धेचा त्रास नेहमी शेजारच्यांना होतो.

परवा आम्ही सहा जण होतो. मी वेटरला म्हणालो, “चारात सहा आण.” सरांनी बोट वर केलं.

“चारात सहा कामून? भाग जातो का?”

वेटर त्यांचाच जुना विद्यार्थी. “जातो सर. दोननं.”

“मग?”

“दोनात तीन.”

“हां. अतिसंक्षिप्त रूपात मागत जा.”

वेटर आत गेला आणि दोन चहा तीन कपांत ओतून घेऊन आला. माणसं सहा, कप तीन. सरांनी पहिला कप उचलला, घोट घेतला आणि म्हणाले, “उत्तर बरोबर आहे.”

ब्लडप्रेशरचं तेच. डॉक्टरांनी मोजलं, १८०/१२०. “लै वाढलंय, सर.” सरांनी केसपेपरच्या पाठीवर साठनं भाग घातला. तीन छेद दोन. मग विचारलं, “चांगल्या माणसाचं किती असतं?” “१२०/८०.” चाळीसनं भाग. तीन छेद दोन. “मग फरक काय आहे?” डॉक्टरांनी स्टेथोस्कोप गळ्यातून काढून टेबलावर ठेवला. गोळी आता काकू रोज सकाळी स्वतः उभ्या राहून देतात. काकूंचं दहावीला गणित राहिलं होतं, म्हणून सर आज आपल्यात आहेत.

वर्गात मात्र हा थट्टेचा विषय नव्हता. काट तिरपी मारायची, पट्टीनं ओढल्यासारखी. नवा आकडा वर किंवा खाली, बारीक अक्षरात. १८/२४ ला एकदम सहानं भागणारं पोरगं त्यांना उर्मट वाटायचं. आधी दोननं, ९/१२. मग तीननं, ३/४. माणसानं जिन्यानं उतरावं, उडी टाकू नये. एकदा मागच्या बाकावरच्या एकानं १६/६४ घेतले, वरच्या सहाला खालच्या सहाशी सरळ काट मारली आणि लिहिलं, १/४. रीत साफ चूक, उत्तर बिनचूक! सरांनी छडी उचलली, उत्तराकडं बघितलं, छडी खाली ठेवली. ती उन्हाळ्याची सुटी त्यांनी त्या एका काटेपायी घालवली. ज्यांत शून्य येत नाही अशा दोन अंकी संख्यांचे, एकापेक्षा लहान अपूर्णांक होतात ३२४०. त्यांत ही चोरवाट चारच ठिकाणी निघते: १६/६४, १९/९५, २६/६५ आणि ४९/९८. “चार छेद तीन हजार दोनशे चाळीस,” सर सांगतात, “म्हणजे एक छेद आठशे दहा. आठशे दहात एक, आणि पोट्ट्यानं नेमका तोच गाठला!” पोट्टं पुढं राजकारणात गेलं. चांगलं चाललंय.

तसाही १६/६४ सरांच्या घरातलाच. कलदार रुपयाचे आणे सोळा नि पैसे चौसष्ट. १९५७ साली नवे पैसे आले तोवर हाच हिशेब. त्यात आपण निजामाच्या राज्यातले, म्हणजे हाली रुपया आणखी वेगळा. शंभर कलदारांचे हाली एकशेसोळा रुपये, दहा आणे, आठ पै. ऐकूनच घाम फुटतो. सरांचे वडील मात्र एवढंच म्हणायचे: सहा कलदार, सात हाली. “घ्या, काट मारून तयार! निजाम कसाही असो, त्याचा दर अतिसंक्षिप्त होता.”

जगात जर्मनी आणि भारतात परभणी ही म्हणदेखील सरांनी तपासली. त्यांच्या मते ते प्रमाण आहे. जर्मनी छेद जग बरोबर परभणी छेद भारत. जगाची जमीन ढोबळमानानं पंधरा कोटी चौरस किलोमीटर, जर्मनी तीन लाख सत्तावन्न हजार. भाग घातला की जर्मनी निघते जगाचा चारशेविसावा भाग. आपला जिल्हा सव्वासहा हजाराच्या आसपास, म्हणजे देशाचा साधारण सव्वापाचशेवा. “म्हण थोडी कच्ची आहे,” सर कबूल करतात, “पण चारशेवीस जर्मनी निघाली, आपण न्हाई.”

या माणसानं हात टेकले ते फक्त सातबाऱ्यापुढं. सात आणि बारा यांत एक सोडून सामाईक काहीच नाही, काट कशाला मारणार? ते गाव नमुन्यांचे नंबर आहेत, सातमध्ये मालकी नि बारामध्ये पीकपाणी, हे सरांनाही माहीत. पण अडचण नंबरांत नव्हतीच. सातबाऱ्यावर नावं दोन, सरांचं आणि धाकट्या भावाचं, तात्यांचं. आणि इतर हक्कात एक ओळ: विहीर सामाईक.

हा शब्द सरांनी तीस वर्षं फळ्यावर लिहिला. मसावि, महत्तम सामाईक विभाजक. आमच्याकडच्या यच्चयावत वाटण्यांचं शास्त्र या तीन शब्दांत आलं. जे सामाईक, तेच विभाजक. सामाईक बांध, सामाईक चिंच, सामाईक विहीर; तालुका कोर्टात तारखा पडतात त्या यांच्याच पायी. सरांची जमीन सहा एकर, तात्यांची चार. मोटारीला लाईट आठ तास. सरांनी सहाला चार, तीनाला दोन असं रीतसर काढून पाळी लावली: आपले चार तास अठ्ठेचाळीस मिनिटं, तात्यांचे तीन तास बारा मिनिटं. हिशेबात एका मिनिटाची खोट नाही. फक्त घड्याळ सरांकडं होतं. भाऊ आठ वर्षं एकमेकांशी बोलले नाहीत.

यंदा विहीर फेब्रुवारीतच आटली. अंश शून्य झाला, आता छेद काहीही ठेवा. पाळी गेली, घड्याळ गेलं, भांडायला थेंब राहिला नाही. आणि एका सकाळी हॉटेलात बघतो तर सर आणि तात्या एकाच बाकड्यावर. वेटर समोर आला. सर म्हणाले, “एकात दोन.”

एक चहा दोन कपांत आला. तात्यांनी आपला बशीत ओतला. वेटरनं फडकं खांद्यावर टाकलं आणि इतक्या वर्षांचा बदला घेत विचारलं, “सर, भाग जातो का?”

सरांनी भावाकडं बघितलं. “न्हाई. याच्या खाली आता भाग जात न्हाई.”

तात्यांनी बशीवर फुंकर घातली. “जून लागू दे, दादा,” ते म्हणाले. “विहिरीला पाणी आलं की जाईल.”