वडील पंधरा दिवस आधी कळवून गेले नाहीत

सुपरवायझर साहेब,

अण्णा रात्रीत गेले. तिसऱ्या दिवशी अस्थी सावडून आम्ही घरी येतोय तोच माझ्या धाकट्या भावाला तुमचा फोन आला : सेकंड शिफ्टला ये, नाहीतर गेट पास जमा कर. वर हेही म्हणालात, "रजा हवी तर आधी कळवायचं." तुमची ही शिस्त अण्णांच्या कानावर वेळेत गेली असती, तर छातीतली कळ त्यांनी पगार झाल्यावरच काढली असती!

नियम मीही वाचलाय. १९४८च्या कारखाना कायद्यात भरपगारी रजेसाठी पंधरा दिवस आधी लेखी अर्ज सांगितला होता. कामगार आजारी असेल तर त्या मुदतीतून सूट होती, पण बाप गेला तर काय, याबद्दल अवाक्षर नव्हतं. नोव्हेंबर २०२५मध्ये नव्या श्रमसंहिता लागू झाल्या. त्यांतही दुःखाची वेगळी रजा नाही. पण ती देऊ नका असं कुठल्या कलमात लिहिलंय, तेवढं दाखवा.

मुंडण केलेल्या डोक्याने त्याने कर्जतहून खोपोली लोकल पकडली. रात्र-रात्र डोळ्याला डोळा नसलेला माणूस तुम्ही प्रेस मशीनवर उभा केलात. बोटं गेली असती तर त्याचेही खाडे लावले असतेत का? उल्हासच्या काठी दहाव्याचा पिंड ठेवला, तो दिवस खाडा. तेराव्याचा दिवस खाडा. मृत्यूची नोंद एकवीस दिवसांच्या आत करायची असते, म्हणून तो ग्रामपंचायतीत गेला, तोही खाडा. आईचं सांत्वन, सातबाऱ्यावरची वारसनोंद, बँकेचं पासबुक हे सगळं रात्री शिफ्ट सुटल्यावर करायचं होतं काय? आणि त्याने रडायचं कधी?

तुम्ही त्याला सचिन तेंडुलकरचा दाखला दिलात. मग पुरता द्या. मे १९९९मध्ये वडील गेले तेव्हा सचिन विश्वचषक सोडून घरी आला. झिंबाब्वेविरुद्धचा सामना भारत त्याच्याविना खेळला आणि ३ धावांनी हरला. गेट पास जमा कर, असं त्याला कोणी म्हटलं नाही. तो परत गेला तो आईने सांगितलं म्हणून, आणि मग ब्रिस्टलला केनियाविरुद्ध नाबाद १४० केल्या. माझ्या आईला तुम्ही काही विचारलंत?

तुम्ही नोकरी करता तो खालापूर तालुका आहे. १९ जुलै २०२३च्या रात्री इथल्याच इर्शाळवाडीवर दरड कोसळली. शोध थांबला तेव्हा २७ मृतदेह हाती लागले होते आणि ५७ माणसं बेपत्ता होती. कित्येकांना आपल्या माणसाचं शेवटचं तोंडही बघता आलं नाही. माणूस गेल्यावर मागे राहिलेल्यांना किती दिवस लागतात, हे निदान या तालुक्यात तरी कुणाला समजावून सांगावं लागू नये.

मला तुमची माफी नको, दिलगिरीचा मेसेजही नको. कापलेली मजुरी पुढच्या पगारात जमा करा. आणि गेटवरच्या फळ्यावर ठेकेदाराच्या शिक्क्यासह, मराठीत, ठळक लिहून लावा : आई किंवा वडील गेल्यास तेरा दिवस पगारी रजा, अर्ज नंतर दिला तरी चालेल.

त्याची मोठी बहीण